अडीच फुटांची वाट



आमचं माहूर तुम्हांला ठाऊक असेलच. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. रेणुकामातेचा डोंगर, पलीकडे दत्तशिखर, अनसूयामातेचं शिखर आणि शेजारी रामगड किल्ला. जिकडं जावं तिकडं चढ! नवरात्रात माणसांची नुसती रीघ लागते, आणि पायऱ्या चढता चढता चार ठिकाणी टेकलेली एखादी आजी हमखास म्हणते, "आईनं मला इतकं उंच कशाला बोलावलं गं बाई?"

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. चौथीत शिकतो. चालताना त्याला कुबड्या लागतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही वर्ग घेऊन किल्ला बघायला गेलो, तेव्हा हत्ती दरवाजापर्यंत तो आमच्याबरोबर आला. पुढं दगड निसटते होते. म्हणून मी त्याला तिथंच एका सावलीत बसवलं, दुसऱ्या बाईंना त्याच्याजवळ थांबवलं आणि बाकीच्यांना घेऊन पुढं गेले. परत आलो तर हा गप्प. मुलं त्याला बुरूज कसा होता, तळं कसं होतं ते सांगत होती, आणि तो मान हलवत होता. खाली उतरताना मला म्हणाला, "बाई, सगळ्यांना शेवटपर्यंत जाता येईल अशी वाट कुठं असते का?"

मुलांनी काही विचारलं की लगेच उत्तर द्यायची आम्हां शिक्षकांना खोडच असते. त्या दिवशी मात्र मला उत्तर आलं नाही. "बघते हं," एवढंच म्हणाले. आज जे सांगणार आहे, ते सगळं त्या 'बघते'मधून निघालंय.

उत्तर सापडलं ते रेल्वेत. आता तुम्ही हसाल, कारण माहूरला रेल्वेच नाही! आमच्या मुलांना आगगाडी बघायची तर किनवट गाठावं लागतं. पण माझा मामा लातूर जिल्ह्यातला, मुरूडच्या बाजूचा. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत मामाकडं जाताना मी ज्या गाडीत बसले, ती गाडी तुमच्यापैकी कुणीच पाहिली नसेल. तिला सगळे 'बार्शी लाईट' म्हणायचे. छोटे डबे, छोटी चाकं आणि चाल अशी, की शेतातला माणूस गाडीतल्या माणसाशी अर्धं बोलणं सहज उरकून घेई. मामा तर सांगायचा, की चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं तोडायची आणि मागच्या डब्यात चढायचं. खरं-खोटं देव जाणे! मला तरी कुणी उतरू दिलं नाही.

ती गाडी किती छोटी होती, ते आपण मोजूनच बघू. मीटरपट्टी किंवा शिंप्याची टेप घ्या. जमिनीवर खडूनं एक लांब रेघ ओढा. तिच्यापासून ७६ सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढा. झाले रूळ! अडीच फूट, नेमकं सांगायचं तर ७६२ मिलिमीटर. आता पहिल्या रेघेपासून १६७ सेंटिमीटरवर तिसरी ओढा. आजच्या मोठ्या गाडीचे रूळ इतके लांब असतात, म्हणजे दुपटीहून जास्त. आम्ही हे शाळेच्या व्हरांड्यात केलं. तो मुलगा कुबड्यांसह त्या अडीच फुटांत उभा राहिला आणि बरोब्बर मावला. मग काय, त्याच्यामागं सगळा वर्ग 'झुकझुक' करत!

ही छोटी गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. इंग्रज इंजिनिअर. १८८२ साली तो 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' या रेल्वे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. तेव्हा मुंबईहून मद्रासकडं जाणारी मोठी गाडी कुर्डुवाडीवरून जायची, पण बार्शीची बाजारपेठ तिथून सुमारे ३४ किलोमीटर आत. त्या कुर्डुवाडी स्टेशनाचं नावच मुळी 'बार्शी रोड' होतं! बार्शीचा माल बैलगाड्यांनी स्टेशनावर यायचा. कॅलथ्रॉपनं विचार केला, की इथं मोठी रेल्वे टाकायला फार पैसा लागेल, मग छोटी का टाकू नये? रूळ जवळजवळ ठेवले की वळणं लहान घेता येतात, पूल अरुंद चालतात, जागा कमी लागते. त्यानं आणखी एक नियम घातला. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सारखा वाटला गेला, की हलका रूळही टिकतो. १८९५ साली लंडनला कंपनी निघाली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून पुढच्या वर्षी लीड्स शहराजवळ तात्पुरता रूळ टाकून गाडी चालवून दाखवली, आणि १८९७ साली बार्शीला पहिली गाडी आली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली आपल्या लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. त्याच १९२७ साली कॅलथ्रॉप वारला. मोठा हरहुन्नरी माणूस! त्याला अरबी घोड्यांचा नाद होता, आणि पहिल्या महायुद्धात त्यानं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्री बनवली होती. तिचं नाव ठेवलं 'गार्डियन एंजल', म्हणजे पाठीराखा देवदूत.

पण माझ्या मुलाच्या प्रश्नाचं काय? तिकडंच येतेय.

रेल्वेचं चाक लोखंडाचं आणि रूळही लोखंडाचा. दोन्ही गुळगुळीत. म्हणून थोड्या ताकदीत पुष्कळ ओझं ओढलं जातं. पण हाच गुळगुळीतपणा चढावर नडतो. चढ जरा जास्त झाला, की चाक जागच्या जागी फिरतं, पुढं सरकत नाही. तेव्हा रेल्वे बांधणारे काय करतात? टेकडी आली तर तिच्यातून खोदाई करतात. खोलगट जागा आली तर मातीचा भराव घालतात. ओढ्यावर पूल, डोंगराला मोठा वळसा, आणि अगदीच अडलं तर बोगदा. शंभर पावलं चाललं तर एक पाऊल उंच, असा हा कारभार! बार्शीहून येडशीकडं येताना बालाघाटाचा डोंगर चढावा लागतो. तिथंसुद्धा छोटी गाडी अशीच कलाकलानं चढायची. म्हणजे पाहा, ज्या वाटेनं एके काळी रेल्वे गेली, ती वाट माणसासाठी किती सोपी असेल! म्हाताऱ्या आजीला, बाळाच्या गाडीला, सायकल शिकणाऱ्याला, कुबड्यांना, चाकाच्या खुर्चीला. चढ आधीच कुणीतरी आपल्यासाठी मोडून ठेवलेला असतो.

मग मी ठरवलं, की आपल्या बार्शी लाईटची वाट बघून यायची.

२००२ ते २००८ या वर्षांत कुर्डुवाडी ते पंढरपूर आणि लातूर हा मार्ग तुकड्यातुकड्यानं मोठ्या रुळांचा झाला. हे फार चांगलं झालं, यात शंका नाही. एप्रिल २०१६ मधली गोष्ट तुमच्या आईबाबांना विचारा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा मिरजेहून दहा टाक्या लावलेली गाडी सुमारे ३४० किलोमीटर धावत आली आणि तिनं पाच लाख लिटर पाणी आणलं. पुढं पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. कॅलथ्रॉपच्याच मार्गानं, पण मोठ्या रुळांवरून. अडीच फुटी गाडीला हे झेपलं नसतं.

मात्र मोठी रेल्वे बरीचशी नव्या जागेवरून गेली. धाराशिव शहराला जुन्या मार्गावर स्टेशनच नव्हतं. तिथल्या लोकांना येडशीला जावं लागे. ते शहर गाठायला मार्ग बदलला. लातुरातही गाडी आधी पार गावाच्या मध्यात यायची, नवं स्टेशन बाहेर झालं. म्हणजे जुनी वाट मोकळी पडली.

दिवाळीच्या सुटीत लातूरला उतरले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "जुनी रेल्वे लाईन." त्यानं एक शब्द विचारला नाही, नेऊन सोडलं. अजून पत्ता तोच! फक्त लाईन नाही. रस्ता आहे, दुकानं आहेत, हॉर्न आहेत. मामा बरोबर होता. काठी टेकत, रिक्षांमधून वाट काढत तो मला दाखवत होता, "हितनं गाडी यायची बघ. हितं पाणी भरायची." मी त्या 'हितं'कडं बघितलं, तर तिथं मोटारसायकली लावलेल्या. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर अर्धंच. शहराला रस्ता हवाच होता आणि जागा पडीक राहिली नाही. पण मामाला त्या रस्त्याच्या कडेनं दहा पावलंही निवांत चालता येईनात, हेही मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी गावाकडं गेलो. शेतांमधून जुन्या भरावाचा एक तुकडा दिसला. मोठ्ठ्या अजगरासारखा पडलेला, वर बाभळी. शंभरेक पावलं त्यावरून चाललो आणि संपला. पुढची माती कुणी बांधाला नेलेली, पुढं कुणी नांगर घातलेला. त्यापलीकडं परत एक तुकडा. मामा वर उभा राहून म्हणाला, "आता जोडायचा म्हटलं तर कसा जोडणार?" मला त्याचं ते वाक्य फार लागलं. एक शेत मध्ये तुटलं तर दोन शेतं होतात, दोन्ही पिकतात. पण वाट मध्ये तुटली तर दोन वाटा होत नाहीत. एकही उरत नाही.

आता माझ्याबरोबर जरा लांब चला. एकदम इंग्लंडला! कारण बार्शी लाईटची तिथं एक धाकटी बहीण आहे.

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथं मॅनिफोल्ड नावाच्या नदीच्या दरीत छोटी रेल्वे टाकायचं ठरलं, तेव्हा इंजिनिअर म्हणून कुणाला बोलावलं असेल? आपल्याच कॅलथ्रॉपला! बार्शीला जे शिकला, ते त्यानं तिथं वापरलं. रूळ तेवढेच, अडीच फुटांवर. डबे पिवळे, त्यांना दोन्ही टोकांना आपल्याकडच्यासारखे सज्जे. इंजिनाला हिंदुस्थानी इंजिनासारखा भलामोठा दिवा. एरवी इंग्रजांनी आपल्याला रेल्वे शिकवली असं आपण पुस्तकात वाचतो. इथं मात्र बार्शीहून शिकून इंग्लंडात रेल्वे झाली. आपल्या पुस्तकात हेही एक ओळ घालायला हवं, असं मला आपलं वाटतं.

१९०४ साली ती सुरू झाली. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, अवघे १३ किलोमीटर. गाडीचं मोठं काम म्हणजे दूध वाहायचं. दरीत दुधाचा कारखाना होता. पण पुढं मोटारी आल्या, लॉऱ्या आल्या. दुधाचा कारखाना बंद झाला, आणि दूध गेलं तशी गाडीही गेली. १९३४ च्या मार्चमध्ये शेवटची गाडी धावली. तीसच वर्षांचं आयुष्य! आपल्या बार्शी लाईटनं शंभरी गाठली, ते वेगळं.

मग पुढं काय झालं, तेच तुम्हांला सांगायचंय. रेल्वे कंपनीनं रूळ उखडले, पण ती पट्टी तुकडे करून विकली नाही. सगळीच्या सगळी तिथल्या परगण्याच्या कौन्सिलला देऊन टाकली. म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखं समजा. कौन्सिलनं त्यावर चालायची वाट केली आणि १९३७ साली ती लोकांना खुली झाली. जुन्या रेल्वेमार्गावर चालण्याची वाट करणारी जगातली अगदी सुरुवातीची उदाहरणं मोजली, तर त्यांत हिचं नाव येतं. ती आजही आहे. तिला 'मॅनिफोल्ड वे' म्हणतात.

मी तिथं गेलेले नाही, खोटं कशाला सांगू? पण शाळेच्या टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा लावून आम्ही सगळा वर्ग त्या वाटेनं गेलो. जुनी रेल्वेची वाट नकाशावर ओळखायची खूण सांगते. गाडीरस्ता कसाही वळतो, कुणाच्या शेताच्या कडेनं काटकोनातही जातो. रेल्वेला काटकोनात वळता येत नाही. त्यामुळं तिची रेघ लांब सापासारखी, सावकाश वळत जाते. मुलांनी ती पाच मिनिटांत शोधली! दक्षिणेकडून निघालं, की आधी हॅम्प्स नावाची नदी सोबतीला. मग मॅनिफोल्ड. दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर. आणि गंमत म्हणजे उन्हाळ्यात मॅनिफोल्ड नदी वाटेतच नाहीशी होते! चुनखडीच्या दगडाला पाण्यानं भोकं पडतात. त्यांतून सगळं पाणी जमिनीखाली जातं आणि बरंच पुढं, आयलम गावाजवळ पुन्हा वर येतं. आमची मुलं म्हणाली, "आपली पैनगंगा पण मे महिन्यात जाते, पण ती वर येत नाही, पावसाळ्याचीच वाट बघावी लागते."

वाटेत उंचावर थॉरची गुहा दिसते. एवढं मोठं तोंड, की दरीतून कुठूनही नजरेत भरावं. अश्मयुगातल्या माणसांच्या खुणा तिथं सापडल्यात. तिथवर चढायचं तर मात्र पायऱ्या आहेत. तेव्हा आमच्या त्या मुलानं विचारलंच, "म्हणजे तिथं पण मी खालीच?" हो, गुहेत नाही जाता येणार. पण गुहेच्या पायथ्याशी पोचणारे सगळे त्याच वाटेनं पोचतात, आणि पुढंही त्याच वाटेनं जातात. त्याला ते पटलं. थोडंसंच, पण पटलं.

पुढं एक बोगदा लागतो. दीडशे मीटरचा. डोंगर फार अवघड होता म्हणून तो खोदला असं समजू नका! तिथल्या हवेलीचे मालक सर थॉमस वॉर्डल यांना घरातून गाडी दिसायला नको होती, म्हणून बोगदा झाला असं सांगतात. हे वॉर्डल रेशीम रंगवणारे. आपल्या टसर रेशमाचा अभ्यास करायला ते हिंदुस्थानात येऊन गेले होते, आणि स्वतः त्या रेल्वेच्या कारभारातही होते. म्हणजे रेल्वे हवी, पण खिडकीतून दिसायला नको! आता त्या बोगद्यातून मोटारीही जातात आणि चालणारेही. तेवढा तुकडा मला आवडला नाही. बाकी बरीचशी वाट गाड्यांशिवायची, खालून पक्की केलेली. टोकाला ह्यूम एंडचं जुनं तिकीटघर अजून आहे. तिथं तिकिटांऐवजी माहिती मिळते.

अशा वाटा आता जगात पुष्कळ झाल्यात. स्पेननं १९९३ पासून हे काम ठरवून हाती घेतलं. सिंगापूरमध्ये २०११ साली मलेशियाला जाणारी जुनी गाडी थांबली, तर त्यांनी टोकापासून टोकापर्यंत २४ किलोमीटरची पट्टी अखंड राखली, जुने लोखंडी पूलही ठेवले. जमीन किती महाग असेल तिथं, विचार करा.

आणि आपल्याकडं? माहूरपासून सर्वांत जवळची थांबलेली रेल्वे म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूरची शकुंतला. तीही अडीच फुटी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिथं १९९४ सालापर्यंत धावत होतं! आता गाडी बंद आहे. तिकडच्या लोकांना ती परत हवीय, मोठ्या रुळांवर हवीय. मलाही वाटतं, गाडी धावणार असेल तर आधी गाडीच. आजारी माणसाला दवाखान्यात जायला फिरायची वाट काय कामाची? पण पालकहो, जिथं गाडी दुसरीकडून गेली आणि जुनी पट्टी नुसतीच पडून आहे, तिथं तिचा निर्णय ती सलग आहे तोवरच घेता येतो. आमच्या मामाच्या गावच्या भरावासारखी झाली, की मग बैठका घेऊन काही उपयोग नाही.

बरं, आमच्या वर्गात पुढं काय झालं ते राहिलंच. रेल्वेचा चढ शिकवून झाल्यावर त्या मुलानं हात वर केला. म्हणाला, "बाई, आपल्या शाळेचा रॅम्प किती चढाचा आहे?" मला माहीत नव्हतं. मोजू म्हटलं. शाळेचा ओटा ४५ सेंटिमीटर उंच. रॅम्पची लांबी तीन मीटर. मुलांनी भागाकार केला. जेमतेम पावणेसात पावलांत एक पाऊल चढ! चाकाच्या खुर्चीसाठी निदान बाराला एक हवा, असा नियम आहे. तो इतके दिवस तिथून का कुरकुरत चढायचा, आणि पावसात का घसरायचा, ते मला चार वर्षांनी कळलं. रोज त्याच रॅम्पवरून मीही जात होते.

रेल्वेसारखा शंभराला एक चढ ठेवायचा तर किती लांब लागेल, तेही मुलांनी काढलं. ४५ मीटर! आमचं मैदानच तेवढं नाही. मग बाराला एक ठरला, म्हणजे पाच मीटर चाळीस सेंटिमीटर. ग्रामस्थांनी एक ट्रॉली मुरूम दिला, एका मुलीचे वडील गवंडी आहेत ते दोन शनिवार आले. मुलांनी पाणी मारलं. कडेला त्या मुलाच्या आईनं धरायला पाइप बसवून घेतला.

आता सकाळी प्रार्थनेची घंटा झाली की सगळा वर्ग पायऱ्या सोडून तिथूनच चढतो. एकामागं एक, खांद्यावर हात ठेवून. मुलांनी त्या रॅम्पचं नाव बार्शी लाईट ठेवलंय. इंजिन कोण असतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.